सतराव्या गटातलं अतिक्रमण

माझ्या इवायांइतका काटेकोर माणूस बिदर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, असं मी गेली कितीतरी वर्षं सांगत आलो आहे. लग्नकार्यात, पारावर, बसस्टँडवर, जिथं त्यांचा विषय निघाला तिथं मी त्यांच्या गमती सांगितल्या, लोकांना पोट धरून हसवलं, आणि गोष्ट जिथं माझ्यापर्यंत येऊन पोचते नेमकं तिथं पाणी प्यायला उठलो. आता अठ्ठ्याहत्तरावं सरत आलंय. उठायलाही वेळ लागतो. तेव्हा बसल्या जागी एकदा सगळंच सांगून टाकतो.

आमच्या औरादकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे म्हणजे माझ्या सुनेचे वडील. सर्व्हे खात्यात मोजणीदार होते. निर्ण्यापासून मादन हिप्परग्यापर्यंत असं एकही शिवार नसेल की जिथं त्यांनी साखळी ओढली नाही आणि दोन भावांना एकाच वेळी नाराज केलं नाही. लाच घेत नव्हते हे तर झालंच, पण मोजणीला गेल्यावर चहासुद्धा घेत नसत. दुसऱ्या बाजूकडेही तेवढाच चहा घेता येईल याची खात्री देता येत नाही, म्हणत. त्यांचा हा काटेकोरपणा मला पहिल्यांदा कळला तो माझ्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी. मांडव त्यांच्या दारात होता. आम्ही वाजतगाजत पोचलो तर मांडव अर्धा उतरवलेला. मांडववाल्याने दोन खांब दीड हात गल्लीत रोवले होते आणि नवरीचा बाप स्वतः टेप धरून ते मागे घेत होता. मे महिन्याचं ऊन, घोड्यावर नवरदेव, खाली फेट्याच्या आत शिजत असलेला मी. मी म्हणालो, "इवाई, मुहूर्त टळायलाय." त्यांनी वर न बघताच सांगितलं, "मुहूर्त पुढं सरकतो गुरुजी. हद्द सरकत न्हाई." ज्या शेजाऱ्याच्या बाजूला ते खांब होते, तो बिचारा मध्ये पडून सांगत होता की माझी काही हरकत नाही. त्याला उत्तर मिळालं, "तुमची नसंल. नकाशाची हाय."

चालताना ते पावलं मोजत. घरापासून बसस्टँड सातशे चाळीस, बसस्टँडपासून आठवडी बाजार पाचशे सहा. वाटेत कुणी नमस्कार केला तर उत्तरादाखल "तीनशे बारा" असं ऐकू येई. नवख्या माणसाला ते कानडीतलं काहीतरी वाटे. भाषा त्यांना चार येत आणि त्यांनी त्या चारी भाषांची वाटणी करून टाकली होती. मोजमाप उर्दूत, भांडण कानडीत, भाजीपाला तेलुगूत. मराठी घरात आणि आभाळाशी. बाजारात एखाद्या बाईशी टमाट्यावरून तेलुगूत बोलता बोलता आवाज चढला की भाषा कानडी होई आणि आसपासची गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरकत.

आभाळाकडे ते वळले निवृत्तीनंतर. कुठंतरी त्यांच्या वाचनात आलं की आपल्या आकाशगंगेबाहेर अशाच दुसऱ्या असंख्य दीर्घिका आहेत आणि त्यांत अधूनमधून अचानक एक नवा तारा दिसतो, काही आठवडे झळकतो आणि नाहीसा होतो. सरळ माझ्याकडे आले. "गुरुजी, हे काय हाय? नवा तारा? कुणाच्या परवानगीनं?" मी शाळेचा मुख्याध्यापक होतो खरा, पण माझा विषय इतिहास. मग माझ्या सुनेने, जी हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यांना समजावलं की तो तारा नवा नसतोच. म्हातारा असतो. पोटातलं जळण संपलं की तो आपल्याच वजनाखाली कोसळतो आणि फुटतो, आणि त्या फुटण्याचा उजेड इतका की कोट्यवधी ताऱ्यांची अख्खी दीर्घिका त्याच्यापुढे फिकी पडावी. इवाई ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे म्हातारा मेला तवा गल्लीला कळलं, की हितं कुणीतरी ऱ्हात होतं."

महिन्याभरात हैदराबादहून दुर्बीण आली. हातभर रुंदीचं लांबट पिंप होतं ते. बसमध्ये कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडायला काढलं तर यांनी दुर्बिणीला शेजारची सीट हवी म्हणून अख्खं तिकीट मागितलं, आणि "माणूस न्हाई तर सीट कशाला" या मुद्द्यावर जहीराबादपर्यंत कानडी चालू राहिली. गच्चीवर पिंप बसलं. इवायांनी आपल्या आवाक्यातल्या चाळीस दीर्घिका निवडल्या, त्यांना गट नंबर दिले, आणि एकेका गटाचा नकाशा पेन्सिलीने काढला. मध्ये धुरकट ठिपका, भोवती ओळखीचे तारे, म्हणजे हद्दीचे दगड. आमच्या कर्नाटकात सातबाऱ्याला पहाणी म्हणतात. तशी ही आकाशाची पहाणी. रोज दिवेलागण झाली की वर जायचं, चाळीस गट फिरायचे, नकाशाशी ताडून बघायचं, आणि वहीत लिहायचं, 'हद्दी कायम. अतिक्रमण नाही.' ताऱ्याचं तेज लिहायला शास्त्रज्ञांची वेगळी मापं असतात म्हणे. यांनी महसुलातली आणेवारी लावली. शेजारचा तारा सोळा आणे धरून हा सहा आणे, तो अकरा आणे. सून म्हणायची, "अप्पा, असं कुणी लिहीत न्हाई." तर ते म्हणायचे, "पीक उभं हाय का बसलंय ते आणेवारीनंच कळतंय."

हल्ली मोठमोठी यंत्रं रोज अख्ख्या आभाळाचे फोटो काढतात आणि कालच्या फोटोशी ताडून काय बदललं ते संगणकच सांगतो, हे त्यांना ठाऊक होतं. काही स्फोट महिनाभर टिकतात, काही मिनिटभर, काही तर डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातात, हेही ते वाचत. त्या शेवटच्या जातीबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "नोटीस काढायच्या आत झोपडी उचलून गेला. असल्यावर काय कारवाई करणार?" पण यंत्रांपुढे आपण कशाला, असं मी एकदा विचारलं तेव्हा ते माझ्यावर रागावले. "ती सरकारी मोजणी हाय गुरुजी. सरकारी मोजणीवर हरकत घ्यायचा हक्क प्रत्येकाला ऱ्हातोय. आन् त्यांच्याकडं ढग येत न्हाईत व्हय?"

गल्लीतल्या एका मंडळाने जत्रेला फोकस लावला तर यांनी रीतसर कागदावर नोटीस दिली, 'सदर दिव्याचा उजेड गट नंबर सहा ते अकरामध्ये घुसत आहे.' मंडळाची पोरं नोटीस घेऊन तलाठ्याकडे गेली. तलाठ्याने दोन दिवस गट सहा ते अकरा शोधले.

आता मी येतो. कुठलीही मोजणी पंचाशिवाय पुरी होत नाही, हा त्यांचा नियम. पहिले पंच झाले आमच्या गल्लीतले एक म्हातारे. त्यांच्या बापाने मेंढरं राखली होती आणि त्यांना निम्मं आभाळ नावानिशी पाठ होतं. पण त्यांनी चार दिवसांत अंग काढून घेतलं. म्हणाले, "जमिनीच्या भांडणात साक्ष दिली तर दोन पिढ्या बोलणं बंद झालं. आभाळाच्या भांडणात मी पडत न्हाई." मग राहिलो मी. घरचा माणूस पंच चालत नाही, असं मी नियमावर बोट ठेवून सुटायला बघितलं. ते म्हणाले, "इवाई घरचा न्हाई, बाहेरचाबी न्हाई. पंच म्हणून त्याच्याइतका चांगला माणूस न्हाई."

त्यांनी मला एक लहान दुर्बीण आणून दिली आणि चाळीसांपैकी पाच गट माझ्याकडे लावून दिले. एकमेकांशी न बोलता दोघांनी आपापल्या गच्चीवरून बघायचं, आपापल्या कागदावर लिहून सही करायची, आणि सकाळी कागद शेजारी ठेवून ताडायचे. पाच-सहा महिने मी इमानाने बघितलं. मग गुडघा दुखायला लागला. शिवाय रोज तेच. जे रोज तसंच असतं ते रोज कशाला बघायचं, असं मनात आलं आणि मी सकाळी चहाबरोबर कागद भरायला लागलो. 'हद्दी कायम. अतिक्रमण नाही.' पुढे तेही जड झालं. मास्तर लोक पाठांची वर्षभराची टाचणं एका रविवारी बसून कशी लिहितात, हे मी तीस वर्षं पकडत आलो होतो. ते ज्ञान वाया गेलं नाही. मी रविवारी दुपारी पंख्याखाली येत्या आठवड्याचे सात कागद लिहून काढी. पेन बदली. एखाद्यावर चहाचा थेंब सांडी. कुठं 'गुडघेदुखीमुळे चार गट' असं लिहून खरेपणा आणी. वर्षभर हे चाललं. इवाई रोज सकाळी माझा कागद दोन्ही हातांनी घेत.

तो मंगळवार मे महिन्यातला. संध्याकाळी आमच्याकडे आमरस होता. मी तो पोटभर खाल्ला आणि अंगणात बाजेवर आडवा झालो. मंगळवारचा कागद रविवारीच तयार होता. बुधवारी सकाळी मी तो नेऊन दिला. इवाई ओसरीवर बसले होते. त्यांनी माझा कागद आपल्या कागदाशेजारी ठेवला, वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"गुरुजी, सतराचा गट बघितलाव न्हवं?"

"व्हय की."

"नीट?"

"नीट म्हंजे? रोज बघतो तसा. कामून?"

"कामून बी न्हाई." पंचाला सूचक प्रश्न विचारायचा नाही, हाही त्यांचा नियम होता. मग वहीत दोन ओळी लिहिल्या, वही मिटली आणि म्हणाले, "उदगीरला डोळ्याचा डॉक्टर कोण चांगला हाय?"

बुधवार-गुरुवार वळवाचं आभाळ होतं. काहीच दिसलं नाही. शुक्रवारी ते उदगीरला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टरने सांगितलं, या वयाला इतके चांगले डोळे मी बघितले नाहीत. इवाई नाराज होऊन परतले. "डॉक्टर नीट बघत न्हाई," म्हणाले.

शनिवारी सकाळी सून मोबाइल हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. सप्तर्षीच्या शेपटीजवळच्या एका दीर्घिकेत तारा फुटल्याची बातमी होती. गुरुवारी परदेशातल्या कुणीतरी तो पहिल्यांदा बघितला होता. "मामा, हा अप्पांचा सतरावा गट!" म्हणत ती तशीच बापाच्या घराकडे निघाली. मी मागोमाग. इवायांनी बातमी ऐकली, उठले, वही आणली आणि मंगळवारचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. मीही वाचलं. 'गट १७. दक्षिण हद्दीलगत नवीन ठिपका. तेज शेजारच्याच्या चार आणे. अतिक्रमणाचा संशय.' आणि त्याखाली बुधवार सकाळच्या अक्षरात, 'पंचाच्या कागदात नोंद नाही. मोजणीदाराचा दृष्टिदोष समजावा.'

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पा, मंगळवारी! दोन दिवस आधी! तुम्ही त्याच दिवशी कळवलं असतं तर…"

"पंचाचा कागद इरुद्ध होता ना बाळ."

"आताबी कळवा. पहिलेपण गेलं तर जाऊ द्या." आणि तिने मग समजावून सांगितलं ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. अशा ताऱ्याचे पहिले दोन-चार दिवस फार मोलाचे असतात. तो केवढा होता, मरायच्या आधी त्याने आपल्याभोवती काय काय टाकलं होतं, हे त्या पहिल्या उजेडातूनच कळतं. नंतर त्याचा माग पुसतो. म्हणून शास्त्रज्ञ जगभरच्या लोकांना विचारतायत, कुणाच्या जुन्या फोटोत, कुणाच्या नोंदीत काही आहे का. आणि मंगळवारचं अजून कुणाकडंच काही नाही. यंत्रांकडेही नाही. "तुमचे चार आणे बी त्यांना पाहिजेत, अप्पा."

इवाई माझ्याकडे बघत नव्हते. वहीकडे बघत होते. म्हणाले, "पाठवायचं तर दोन्ही कागद पाठवावे लागतात. एकावर हाय, एकावर न्हाई. दोन तऱ्हा सांगणारा पंचनामा कुठलंच कोर्ट घेत न्हाई."

"मामांचा कागद नका पाठवू."

"लपवायचा? मुलगी दिलेल्या घरच्या माणसाची सही मी लपवू, का खोटी पाडू? दोन्ही जमायचं न्हाई."

त्या वेळी ओसरीवर आम्ही तिघंच होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझा कागद न बघता लिहिलाय, तुमचा पाठवा. पाच सेकंदांचं काम. पण समोर सून होती, जी मला मामा म्हणते आणि शाळेत मुलांना माझं उदाहरण देते. कॉपी केली म्हणून मी किती पोरांना भर वर्गात उभं केलं होतं. मी गळा साफ केला. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "ऊन लई व्हायलंय. चला, निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी इवाई माझ्या दारात. रिक्षातून आपली मोठी दुर्बीण घेऊन आले होते, ते पिंप. "चूक माझी हाय गुरुजी," म्हणाले. "पंचाला अपुरं हत्यार दिलं. तुमच्या नळीत चार आणे तेज यायचंच न्हाई. तुम्ही काय करणार? आजपासून ही तुमच्या गच्चीवर. दोघं एका जाग्यावरून बघू." आणि त्यांनी माझी माफी मागितली. मी ती घेतली. पुढे होऊन पिंपाचं एक टोक धरलं आणि जिना चढायला त्यांना मदत केली.

त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. कधी वाटतं, सगळं कळलं होतं आणि म्हणूनच पिंप माझ्या गच्चीवर आलं. कधी वाटतं, त्या माणसाला सही खोटी असू शकते हे सुचलंच नसेल. पुढची चार वर्षं मात्र मला रोज वर जावं लागलं. ते गट सांगत, मी डोळा लावी, मग ते लावत. माझ्या गुडघ्यासाठी त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजून दर सातवीला थांबायचा नियम केला. सतरावा गट आला की ते मला जरा जास्त वेळ देत. तिथला ठिपका महिन्या-दोन महिन्यांत मावळून गेला होता, पण मी बघत राही. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. दोनेक कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड औरादला नेमक्या त्या मंगळवारी पोचला होता, आणि अख्ख्या गावात एकच माणूस त्याची वाट बघत जागेवर होता, हे मला त्या चार वर्षांत कळलं.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा दसऱ्याला सोनं देताना सुरुवात केली, तर त्यांनी आपट्याची पानं मोजायला घेतली. एकदा बाजाराच्या वाटेवर गाठलं, तर ते दोनशे सत्तरवर होते. बोललो असतो तर मागे जाऊन पहिल्यापासून मोजावं लागलं असतं. ही कारणं मीच लिहितोय आणि मलाच ती टाचणांच्या वहीसारखी वाटतायत.

गेल्या थंडीत त्यांना कलबुर्गीच्या दवाखान्यात नेलं. छातीचं दुखणं होतं. मी एकटा बसने गेलो. खोलीत पोचलो तेव्हा सून औषधं आणायला खाली गेली होती. आम्ही दोघंच होतो. इवाई जागे होते, पण आवाज बारीक झाला होता.

"कोणत्या बसनं आलाव?"

"बिदरवरून. उभ्यानं."

"आभाळ कसं हाय तिकडं?"

"मोकळं हाय."

"काल बघितलाव?"

"बघितलं." हे खरं होतं.

"सगळे?"

"चाळीसच्या चाळीस."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात भेटायची वेळ संपली म्हणून पहारेकरी दारात येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "उद्या येतो, इवाई." त्यांनी हात थोडा उचलला. पहाटे ते गेले.

मंगळवारचे दोन्ही कागद त्यांच्यामागे माझ्याकडे आले. माझ्या कागदावर मी आडवी रेघ मारून खाली खरं काय ते लिहिलं, सही केली आणि काल दोन्ही सुनेच्या हातात दिले. हे सगळं तिला वाचूनही दाखवलं. कागद उलटेसुलटे करत राहिली. मग म्हणाली, "हे मी पाठवते, मामा. पण हे अप्पांना सांगायचं होतं."

सांगायचं होतं. बिदरच्या स्टँडपासून कलबुर्गीपर्यंत उभ्याने घोकत गेलो होतो मी. इवाई, त्या मंगळवारी मी गच्चीवर चढलोच नव्हतो. तुमचे डोळे बरोबर होते, माझी सही खोटी होती. मला माफ करा.